वर किती द्यायचे?

जुना गेम कन्सोल दुकानात द्यायचा आणि थोडे पैसे घालून नवा आणायचा, या व्यवहाराला पाटीवर ‘एक्स्चेंज’ लिहिलेलं असतं. मराठी मंडळाच्या अंकात हा विषय कशाला, असं कुणी विचारेल. पण हा व्यवहार आपल्या भाषेला अजिबात नवा नाही. त्याचे शब्द आपल्याकडे आधीपासून आहेत, आणि ते नीट समजून घेतले तर खिशातले पैसेही वाचतात.

मोड, घट आणि वर

पितळेची जुनी भांडी दुकानात देऊन नवी घेताना आपल्या आज्या ‘मोडीत घातली’ म्हणायच्या. मोडीत भांड्याचा भाव होत नाही, धातूचा होतो. त्यावर कुणाचं नाव कोरलंय, ते कुणाच्या लग्नातलं आहे, हे तराजूला कळत नाही. सोनार जुना दागिना घेताना ‘घट’ धरतो, म्हणजे वजनातून काही भाग वजा करतो. दारावर येणारी बोहारीण जुन्या साड्यांच्या बदल्यात पातेलं देते, पण आधी प्रत्येक साडी उलगडून कुठे विरली आहे ते बघते. कॉमर्सवाले मित्र याच गोष्टीला ‘घसारा’ म्हणतात, फक्त त्यांच्याकडे तो वर्षागणिक मांडलेला असतो.

या सगळ्यात सर्वांत कामाचा शब्द सर्वांत छोटा आहे: ‘वर’. “जुनी गाडी दिली आणि वर वीस हजार दिले.” इथे ‘वर’ म्हणजे बदल्यातल्या वस्तूखेरीज द्यायची रक्कम. एक्स्चेंजच्या जाहिरातीत मोठा आकडा असतो तो जुन्या वस्तूला मिळणाऱ्या किमतीचा. आपण विचारायचं एवढंच: वर किती द्यायचे?

हिशेब

उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. समजा, एका दुकानात नवा कन्सोल 50,000 चा आहे आणि जुन्याचे 10,000 देतात. वरचे झाले 40,000. दुसऱ्या दुकानात तोच कन्सोल रोखीने 46,000 ला आहे, पण तिथे जुना घेत नाहीत. जुना आपण स्वतः ओळखीच्या कुणाला 8,000 ला विकला, तर वरचे झाले 38,000. म्हणजे जिथे जुन्याला जास्त भाव मिळाला, तिथेच आपले दोन हजार जास्त गेले.

म्हणून प्रत्येक वेळी एक मोठा भाव आणि एक छोटा भाव वेगवेगळे बघायचे नाहीत, दोन्हींची वजाबाकी बघायची. अर्थात दुकानदाराचंही काही चुकत नाही. तो वस्तू तपासतो, दुरुस्त करतो, गिऱ्हाईक मिळेपर्यंत ठेवतो. ती त्याची घट. आपण स्वतः विकायला गेलो तर फोन उचलणं, घासाघीस करणं, नंतर “चालत नाही की हे” असं ऐकून घेणं, हे सगळं आपल्या वाट्याला येतं. तो त्रास दोन हजारांचा आहे का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

खोक्यात तीन वस्तू असतात

प्लेस्टेशन 4 भारतात जानेवारी 2014 मध्ये 39,990 रुपयांना आला. प्लेस्टेशन 5 आपल्याकडे 2 फेब्रुवारी 2021 ला आला, तेव्हा डिस्कवाल्या मॉडेलची किंमत 49,990 होती. या दोघांचंच उदाहरण घेऊन बघू, म्हणजे एक्स्चेंजमध्ये नेमकं काय जातं ते कळेल.

पहिली वस्तू म्हणजे यंत्र. त्याचीच मोड होते. कंट्रोलरची काडी आपोआप सरकते का, पंखा फार आवाज करतो का, डिस्क वाचली जाते का, एचडीएमआयचं तोंड सैल आहे का, हे बघून भाव ठरतो. बिल आणि मूळ खोकं असेल तर बोलायला जोर येतो.

दुसरी वस्तू म्हणजे गेम. डिस्कवरचे गेम वेगळे विकता येतात किंवा ठेवताही येतात, कारण प्लेस्टेशन 4 चे बहुतेक सगळे गेम प्लेस्टेशन 5 वर चालतात. पण नवा ‘डिजिटल एडिशन’ घेतलात तर त्यात डिस्क घालायला जागाच नाही. (2023 साली आलेल्या स्लिम मॉडेलला ड्राइव्ह वेगळा विकत घेऊन जोडता येतो.) डाउनलोड केलेले गेम मात्र खात्याला बांधलेले असतात. ते नव्या यंत्रावर परत उतरवता येतात, पण दुसऱ्याला विकता येत नाहीत.

डिस्क दुसऱ्याला देण्याचा हा हक्क आपल्याला क्षुल्लक वाटतो, पण 2013 साली त्यावर मोठं वादळ झालं होतं. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनसाठी दर चोवीस तासांनी इंटरनेटवर तपासणी आणि वापरलेल्या गेमवर बंधनं अशी योजना जाहीर केली होती. लोक इतके चिडले की 19 जूनला कंपनीने ती मागे घेतली. सोनीने त्याच सुमारास एक छोटा व्हिडिओ काढला होता: एक माणूस दुसऱ्याच्या हातात डिस्क देतो, संपलं.

तिसरी वस्तू म्हणजे सेव्ह, म्हणजे आपण कुठपर्यंत खेळलो त्याची नोंद. तिला दुकानात शून्य भाव आहे.

आमच्या घरचा कन्सोल

आमचा प्लेस्टेशन 4 दादाचा. तो आता जहाजावर नोकरी करतो. नाताळाच्या आधी एका दुकानात एक्स्चेंजची ऑफर लागली होती, रविवारपर्यंतच. धाकट्याने कन्सोल पुसून खोक्यात भरूनही ठेवला. दुकानातला माणूस म्हणाला, “तसाच आणा की मॅडम, फॉरमॅट आम्ही मारतो.”

पण त्यात दादाची फुटबॉलची टीम होती. दहावीपासून तो ती खेळत होता. टीममधल्या खेळाडूंना त्याने आमच्या कॅम्पातल्या मैदानावरच्या पोरांची नावं दिली होती, प्रत्येकाचा जर्सी नंबरसकट. त्यातली निम्मी पोरं आज कुवेत, दुबई, पुणे, बेंगळुरूला आहेत. मैदानावर आता गाड्या लागतात. त्या अकरा जणांची यादी एका जागी कुठे असेल तर ती त्या सेव्हमध्ये.

सेव्ह यूएसबीवर घेता येते, पण ती त्याच खात्यावर परत उघडते. म्हणजे नव्या यंत्रावर दादाचं खातं हवं, आणि त्याचा कोड त्याच्याच फोनवर जाणार. जहाज समुद्रात. मी मेसेज टाकून ठेवला. रविवार गेला, ऑफर गेली. मंगळवारी बंदरातून त्याचा फोन आला.

“अजून दिला नाहीस ना गं?”

“नाही. तुझी टीम आहे ना त्यात.”

तो थोडा वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, “कोड पाठवतो. लिहून घे.”

नंतर नवा कन्सोल घेताना आम्हाला वर दोन हजार जास्त पडले. मम्मीने आकडा ऐकला आणि एवढंच विचारलं, “पोरांची नावं राहिली ना?” राहिली.

देण्याआधी हा क्रम पाळा

1. सेव्ह यूएसबीवर घ्या, किंवा दोन्ही कन्सोल घरात असतील तर नेटवर्कवरून थेट नव्यावर पाठवा. पैसे भरून प्लेस्टेशन प्लस घेतलं असेल तर क्लाउडवरही ठेवता येते.
2. नव्या यंत्रावर ती सेव्ह उघडून बघा. एखाद्या गेमची प्लेस्टेशन 5 ची वेगळी आवृत्ती असेल, तर तिला जुनी सेव्ह चालेलच असं नाही. ते गेमगणिक बदलतं.
3. जुन्या यंत्रावरची ‘प्रायमरी’ नोंद काढा आणि खात्यातून बाहेर पडा.
4. आत राहिलेली डिस्क काढा.
5. सगळ्यात शेवटी, घरीच, पूर्ण इनिशियलाइझ करा. याला काही तास लागतात, म्हणून दुकानात जायच्या आदल्या रात्री लावा.

यंत्र कुणीच घेत नसेल तर ते भंगारवाल्याच्या पोत्यात टाकू नका. 1 एप्रिल 2023 पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत, आणि असा कचरा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जायला हवा.

मंडळासाठी अभ्यास

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने घरातल्या एका मोठ्या माणसाला विचारून यावं: त्यांनी शेवटची कोणती वस्तू मोडीत घातली, तेव्हा कोणता शब्द वापरला, आणि वर किती दिले. कोकणी, कन्नड किंवा उर्दू शब्द आला तर तोही तसाच लिहून आणा. आपल्या सीमाभागातल्या बाजारात हे शब्द एकमेकांच्या दुकानात सहज जातात-येतात. फळ्यावर सगळे एकत्र लिहू आणि कुठला शब्द कुठून आला ते शोधू.