परत वाढू का?

नर्मदा परिक्रमा करून आलो तेव्हा माझ्याकडे एक्केचाळीस तासांचं चित्रीकरण होतं. त्यातल्या अकरा मिनिटांखेरीज बाकीचं आजवर कुणी पाहिलेलं नाही. मीसुद्धा थोडंच. चार वर्षं झाली, हार्ड डिस्क कपाटात स्वेटरांच्या खाली आहे. कार्तिकी एकादशी जवळ आली की ओळखीपाळखीतून कुणाचा तरी फोन येतोच. "काका, यंदा निघतोय. व्हिडिओ करत जाऊ का?" फोनवर हे सगळं सांगता येत नाही, म्हणून लिहितोय.

आधी वजनाचं बोलू, कारण पायी चालताना पहिला प्रश्न तोच. नदीची लांबी १३१२ किलोमीटर; दोन्ही तीर धरले तर २६०० च्या वर, आणि धरणांचे वळसे मोजले की आकडा आणखी वाढतो. माझी पाठपिशवी सात किलोंची होती. त्यातला दीड किलो नुसता चित्रीकरणाचा संसार: दुसरा फोन, गिंबल, छोटी तिपाई, माइक, दोन पॉवर बँका आणि वायरींचं जंजाळ. गिंबल तिसऱ्या आठवड्यात पार्सलने घरी गेला. बायकोने उघडून पाहिला आणि पुन्हा तसाच बांधून ठेवला.

वजनापेक्षा वाईट म्हणजे पावलांचा हिशेब. एकटा माणूस स्वतःला चालताना टिपतो कसा? फोन तिपाईवर लावायचा, पुढे चालत जायचं, दृश्याबाहेर पडलं की मागे येऊन फोन उचलायचा आणि तेच अंतर पुन्हा चालायचं. शंभर पावलांची तीनशे होतात. नदी उजव्या हाताला ठेवून चालायचं हा परिक्रमेचा नियम, आणि मी दर तासाला ती डावीकडे घेऊन मागे फिरत होतो. एक वृद्ध साधू बांधावर बसून माझा हा खटाटोप बघत होते. शांतपणे म्हणाले, "उलटी परिक्रमा भी साथ में चल रही है क्या?" मी हसलो. पण त्या दिवशी संध्याकाळी ठरलेल्या आश्रमात पोहोचायला अंधार पडला.

मग चार्जिंग. धर्मशाळेत एक प्लग आणि पंधरा मूर्ती. (परिक्रमावासीयांची गणती तिकडे 'मूर्ती' अशीच होते, "कितनी मूर्ती?" हा पहिला प्रश्न.) फोर-के मध्ये तासाभराचं चित्रीकरण फोनप्रमाणे आणि सेटिंगप्रमाणे दहा-वीस जीबी खातं. साध्या फुल एचडीत बरंच कमी. छोट्या पडद्यावर फरक फारसा कळत नाही, हे मला महिनाभराने कळलं. तोवर रात्री आरती सोडून मी प्लगपाशी राखण करत बसायचो.

हे सगळं सोसता येतं. ज्यासाठी लिहायला बसलो ते वेगळं आहे.

बडवानी सोडून शूलपाणीच्या डोंगरात शिरल्यावर वस्त्या विरळ होतात. दुपारी एका झोपडीतून हाक आली, "नर्मदे हर, बाबाजी, चाय पी लो." अंगणात खाट, चूल, दोन पोरं. त्या बाईंनी मक्याची भाकरी वाढायला घेतली आणि मी फोन काढला. त्यांनी पदर सारखा केला. पोरं बोलायची थांबली आणि ओळीत उभी राहिली. भाकरी ताटात पडली तसा माझा हात हलला, चित्र बिघडलं. मी काही बोललो नव्हतो, तरी त्यांनी भाकरी उचलून हातात धरली आणि विचारलं, "फिर से परोसूँ?"

म्हणजे माझ्याआधी कुणीतरी त्यांच्याकडून वाढणं दोनदा करवून घेतलं होतं. घरात दाणे किती असतील ते दिसत होतं. त्यातली भाकरी देताना आता 'टेक' ही द्यायचा असतो, हे त्या शिकल्या होत्या. मी "नको" म्हणालो, भाकरी खाल्ली. खोटं कशाला सांगू, पहिला टेक मात्र पुसला नाही.

चित्रीकरण मुळातच वाईट, असं माझं म्हणणं नाही. शूलपाणीची जुनी वाट आज पाण्याखाली आहे. सरदार सरोवर २०१९ मध्ये १३८.६८ मीटरपर्यंत पूर्ण भरलं. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांचा 'नर्मदा डायरी' हा १९९५ चा माहितीपट पाहा. बुडणाऱ्या गावांतली माणसं तिथे आपली बाजू मांडतात. कॅमेरा तिथल्या माणसांच्या कामी आला. माझ्या एक्केचाळीस तासांत मात्र बहुतेक ठिकाणी मीच आहे, पाठमोरा, काठी टेकत. जबलपूरचे अमृतलाल वेगड वही घेऊन नदीकाठाने हिंडले, रेखाटनं केली. रेखाटताना माणसाला एका जागी बसावं लागतं. मग पोरं भोवती जमतात, वहीत डोकावतात. फोन समोर धरला की ती ओळीत उभी राहतात.

तेव्हा निघण्याआधी घरीच ठरवा: हे कुणाला दाखवायचंय, आणि कापाकापी कोण करणार? तासाभराच्या कच्च्या मालाला माझा अख्खा रविवार जायचा. असे चार रविवार गेले आणि हुरूप संपला. उत्तर नसेल तर दुसरा फोन घरी ठेवा. करायचंच असेल तर दिवसाला दोन-तीन तुकडे, प्रत्येकी दहा-पंधरा सेकंदांचे, तेही चालणं संपल्यावर. ताट समोर असताना फोन झोळीत. कुणाच्या घराची वाट, खूण, गावाचं नाव चित्रात येऊ देऊ नका. विमलेश्वरहून मिठीतलाईकडे नावेने खाडी ओलांडताना तर फोन पिशवीच्या तळाशी टाका. मी ते तीन-चार तास पाच इंचांच्या पडद्यात पाहिले, आणि समुद्र केवढा होता असं कुणी विचारलं तर मला तेवढाच आठवतो.

आवाज मात्र जरूर घ्या. पहाटे हापशाचा आवाज, दूरवरून "नर्मदे हर", भांड्यांचा खणखणाट. मी आईला असा चाळीस सेकंदांचा तुकडा पाठवला होता. ती तो अजून लावते.

राहिली ती अकरा मिनिटं. ती मी परतल्यावर हौसेने यूट्यूबवर टाकली होती, त्यात ती झोपडीही होती, मागे वळणावरचा दगडी पार स्पष्ट दिसत होता. पुढच्या हिवाळ्यात परिक्रमेला गेलेल्या एका ओळखीच्या मुलाचा फोन आला, अगदी आनंदात. "काका, तुमच्या व्हिडिओतल्या मावशी सापडल्या! पारावरून ओळखलं. चहा दिला त्यांनी. पण मी फोन काढल्यावर पोरांना आत पाठवलं."

त्याच रात्री मी व्हिडिओ काढून टाकला. त्याच्याकडे तो आधीच उतरवलेला होता, आणि यंदा निघणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याने तो वाट सापडायला सोपं जावं म्हणून टाकला आहे.