गजापूरच्या वाटेने जाण्याआधी

चि. बाळास,

यंदा तू पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला निघालास, असं ताई म्हणाली. अवश्य जा. पण ग्रुपवर ‘त्या लोकांबद्दल’ तू जे पुढे पाठवतोस, तेही तिने सांगितलं, म्हणून हे पत्र.

१४ जुलै २०२४ आठवतो ना? वाद विशाळगडावरच्या अतिक्रमणांचा होता. त्याला नोटीस, कोर्ट असे रस्ते होते. जमावाने मात्र गडाखाली गजापुरात मुसलमानांची घरं फोडली, मशिदीची नासधूस केली. त्या घरांचा गडावरच्या बांधकामांशी संबंध काय? धर्म एक, एवढाच.

नुसत्या गटाच्या नावावर माणूस कसा वागतो, हे तपासणारा हेन्री ताजफेल नावाचा मानसशास्त्रज्ञ होता. त्याच्या घरची बहुतेक माणसं नाझींनी ज्यू म्हणून मारली. १९७० च्या सुमारास त्याने ब्रिस्टलमधल्या १४-१५ वर्षांच्या मुलांचे दोन गट पाडले. तुम्हाला क्लीची चित्रं आवडतात, तुम्हाला कँडिन्स्कीची, एवढंच सांगितलं. वाटणी खरं तर कशीही केलेली. मग पैसे वाटायला दिले. पोरांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं, हे एक वेळ समजतं. पण समोरच्याला आपल्याहून कमी मिळावं म्हणून आपल्या गटाचं नुकसानही त्यांनी पत्करलं! ना जुनं वैर, ना भांडण. आपल्याकडे तर चिथवायला इतिहासही हाताशी आहे.

तो इतिहास पुरता वाच. १६६० साली पन्हाळ्याला वेढा सिद्दी जौहरचा. तो फोडायला नेताजी पालकरांबरोबर शिवाजी महाराजांच्या बाजूने गेला सिद्दी हिलाल. त्या लढाईत त्याचा मुलगा जखमी होऊन शत्रूच्या हाती लागला. आणि इकडे विशाळगडाला आदिलशाहीतर्फे वेढा घालून बसले होते सुर्वे आणि दळवी, दोघेही मराठे. पावनखिंड लढवणाऱ्या बाजीप्रभूंचा अभिमान जरूर धर, पण ही नावं गाळून नको.

ग्रुपवर ‘ते लोक’ आलं की विचार: कोण? काय केलं? नाव निघालं तर पोलीस ठाणं आहे. नाही निघालं तर पुढे पाठवू नकोस. ‘तू त्यांच्यातला का?’ असं मित्र विचारतील. या एका प्रश्नाच्या भीतीने चांगली पोरं गप्प बसतात. तू बोललास तर आणखी एखाद्याला धीर येईल.

आणि दहावीपर्यंत तुझ्या बाकावर बसणारा तो मुलगा, ज्याच्याशी तू हल्ली बोलत नाहीस, त्याला मोहिमेला येतोस का विचार. नाही म्हणाला तरी विचार.

तुझा,
मामा