किरायाचा गाळा, मालकाची नाराजी आणि तुमचे हक्क

दुकान टाकताना आपण भांडवल, माल, गिऱ्हाईक सगळ्याचा हिशोब करतो. जागेच्या बाबतीत मात्र "किराया किती, डिपॉझिट किती" एवढं विचारून मोकळे होतो. आजचा धडा त्यापुढच्या प्रश्नाचा आहे: उद्या मालक नाराज झाला, तर मी या जागेत टिकेन का?

एक उदाहरण घेऊ. समजा, रिसोडला एका ताईंनी किरायाच्या गाळ्यात मसाल्याचं दुकान टाकलं. चक्की, रॅक, वायरिंग, बोर्ड मिळून दोन लाख गुंतवले. पावसाळ्यात स्लॅब गळला आणि पोतंभर हळद भिजली. ताईंनी दुरुस्तीसाठी मालकाला लेखी कळवलं. आठ दिवसांत निरोप आला, "पुढच्या महिन्यात गाळा खाली करा." आता दोन लाखांचं काय?

कायदा काय म्हणतो?

तक्रार केली म्हणून भाडेकरूला काढायला अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत थेट मनाई आहे. आपल्याकडे अशी वेगळी तरतूद नाही. आपलं संरक्षण दुसऱ्या वाटेनं येतं. मालकाच्या मनात सूड आहे हे तुम्ही सिद्ध करायची गरज नसते. कायद्यात दिलेलं एखादं कारण मालकालाच कोर्टात सिद्ध करावं लागतं.

वऱ्हाडात पूर्वी १९४९ चा मध्य प्रांत व वऱ्हाड भाडे नियंत्रण आदेश होता. त्यात भाडेकरूला नोटीस देण्याआधी मालकाला भाडे नियंत्रकाची परवानगी लागायची. ३१ मार्च २००० पासून त्याच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला. आता दावा थेट दिवाणी न्यायालयात चालतो.

कलम १६ मध्ये जागा खाली करून घेण्याची कारणं दिली आहेत. जागेचं नुकसान करणं, परवानगीशिवाय पक्कं बांधकाम करणं, शेजाऱ्यांना उपद्रव देणं, पोटभाडेकरू ठेवणं, सबळ कारणाशिवाय सहा महिने जागा बंद ठेवणं, मालकाला स्वतःला खरीखुरी गरज असणं, ही त्यातली मुख्य. "दुरुस्ती मागितली" हे कारण त्या यादीत कुठेही नाही.

"मला स्वतःला पाहिजे" हे कारण सगळ्यात जास्त ऐकू येतं. तिथे कोर्ट दोन गोष्टी पाहतं: गरज खरी आहे का, आणि जास्त हाल कोणाचे होतील. शिवाय कलम १७ लक्षात ठेवा. या कारणावर हुकूमनामा घेऊन मालकानं ताबा मिळवला, पण महिनाभरात तो स्वतः तिथे आला नाही किंवा वर्षाच्या आत त्यानं जागा दुसऱ्याला भाड्यानं दिली, तर तुम्ही तेरा महिन्यांच्या आत अर्ज करून जागा परत मागू शकता.

तक्रारीनंतर स्वतःची बाजू पक्की ठेवा

नाराज मालक कारण शोधतो, आणि सगळ्यात सोपं कारण म्हणजे थकलेला किराया. म्हणून:

१. "आधी दुरुस्ती करा, मग किराया देतो" असं म्हणून किराया अडवू नका. कलम १४ नुसार दुरुस्तीसाठी किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्या. तरी मालकानं काम केलं नाही, तर ते स्वतः करून खर्च किरायातून वळता करता येतो; पण वर्षाला एकूण किरायाच्या एक चतुर्थांशापर्यंतच. बिलं आणि फोटो जपून ठेवा.

२. किराया बँकेतून किंवा यूपीआयनं द्या. रोख दिला तर पावती घ्या. पावती देणं मालकावर कलम ३१ नुसार बंधनकारक आहे.

३. मालकानं किराया घेणंच थांबवलं तर हातावर हात ठेवून बसू नका. "मी द्यायला तयार आहे" हे स्पीड पोस्टानं कळवा आणि वकिलाला लगेच भेटा.

४. थकबाकीची नोटीस आली तर ९० दिवस मिळतात. त्याआधी मालकाला त्या कारणावर दावा लावता येत नाही. दावा लागलाच, तर समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी, १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च भरून, पुढे नियमित किराया भरत राहिलात तर त्या कारणावर जागा जात नाही.

लाईट तोडली, कुलूप ठोकलं तर?

योग्य कारणाशिवाय वीज किंवा पाणी बंद करणं कलम २९ नं मना आहे. कोर्टात अर्ज करून पुरवठा सुरू करून घेता येतो, आणि असं करणाऱ्या मालकाला शिक्षाही होऊ शकते.

कुलूप ठोकलं तर विशिष्ट साहाय्य अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताब्यासाठी दावा लावा. कृष्ण राम महाळे विरुद्ध शोभा व्यंकट राव या १९८९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की, स्थिर ताब्यातल्या माणसाला राहण्याचा हक्क नसला असं धरलं, तरी मालकाला कायद्याच्या मार्गानंच ताबा घ्यावा लागतो. त्यामुळे कुलूप तोडून हाणामारी करू नका. फोटो काढा, पोलिसांत लेखी तक्रार द्या आणि तारीख लिहून ठेवा.

हे संरक्षण कुठे कमी पडतं?

इथे नीट लक्ष द्या. पहिलं, ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स. त्यात तुम्ही बहुधा भाडेकरू धरले जात नाही. मालकाला काढायचीही गरज नाही, मुदत संपली की तो फक्त "वाढवत नाही" म्हणतो. दुसरं, नगर परिषदेचे किंवा सरकारी गाळे या कायद्याबाहेर आहेत. तिसरं, हा कायदा सरसकट प्रत्येक खेड्याला लागू नाही. तो लागू नसेल तिथे मालमत्ता हस्तांतरण कायदा येतो आणि लेखी करार नसेल, तर महिन्याच्या भाडेपट्ट्याला १५ दिवसांची नोटीस पुरते. तुमचं गाव कशात बसतं, हे सही करण्याआधी वकिलाला विचारा.

सही करण्याआधी

जेवढा पैसा भिंतीला लावणार, तेवढी मुदत मागा. दोन लाख वसूल व्हायला तीन वर्षं लागणार असतील, तर ११ महिन्यांच्या करारावर ते घालू नका. करारात तीन गोष्टी लिहून घ्या: ठरावीक वर्षं मालक जागा मागणार नाही, मोठी दुरुस्ती कोणी करायची, आणि डिपॉझिट किती दिवसांत परत. करार रजिस्टर करून घ्या; कलम ५५ नुसार ही जबाबदारी मालकाची आहे. करार लेखी आणि रजिस्टर नसेल, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर मालक उलट सिद्ध करत नाही. हे मालकाला शांतपणे सांगा, बरेच जण तयार होतात.

वकिलाची फी जड वाटत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. महिला, अनुसूचित जाती आणि जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते.

आजचा गृहपाठ: एक फाईल करा. करार, डिपॉझिटची पावती, दर महिन्याचा किराया, वीजबिल, गाळ्याचे पहिल्या दिवशीचे फोटो, सगळं त्यात लावा. वाद झाला की तोंडी शब्दाला कोणी विचारत नाही, कोर्ट कागद मागतं. तुमच्या करारातली एखादी अट कळत नसेल तर कमेंटमध्ये लिहा, नावं मात्र टाकू नका.