गोदाकाठचा संगीतकार

गोदावरीच्या काठी पुणतांबे नावाचे एक गाव आहे. योगी चांगदेवांची समाधी तेथे असल्यामुळे भाविक लोक या गावी येत असतात. आजच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील या गावी १२ जानेवारी १९१८ रोजी रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म झाला. पुढे साऱ्या देशाने त्यांना सी. रामचंद्र या नावाने ओळखले.

रामचंद्रांनी गायनाचे रीतसर शिक्षण घेतले. नागपूरला शंकरराव सप्रे व पुण्याला विनायकबुवा पटवर्धन असे गुरू त्यांना लाभले. रागदारीचा पाया असा पक्का झाला. पण त्यांनी वाट धरली ती चित्रपटाची. १९३५ साली ‘नागानंद’ या चित्रपटात त्यांना नायकाची भूमिका मिळाली. तो चित्रपट चालला नाही. त्यानंतर सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हिटोन या संस्थेत ते किरकोळ भूमिका करू लागले. तेथेच ते पेटीची साथही करीत. नायकाची जागा गेली, पण पेटीपुढची जागा मिळाली. आणि तीच त्यांची खरी जागा ठरली. १९३९ साली ‘जयकोडी’ या तमिळ चित्रपटाला त्यांनी संगीत दिले. १९४२ साली भगवानदादांच्या ‘सुखी जीवन’ चित्रपटापासून हिंदी चित्रपटाचे दार त्यांना उघडले.

त्या काळी मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत जाझ नावाचे संगीत वाजत असे. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरी कृष्णवर्णीय लोकांनी हे संगीत घडवले. आपला गवई ज्याप्रमाणे रागाची चौकट सांभाळून ऐन वेळी नवनव्या ताना घेतो, त्याप्रमाणे जाझचा वादक मूळ चालीभोवती नवी स्वररचना करीत जातो. रागदारी शिकलेल्या रामचंद्रांना या संगीताची गोडी लागली, यात नवल ते काय? बेनी गुडमन या अमेरिकन क्लॅरिनेटवादकाचा त्यांच्यावर प्रभाव पडला. १९४७ सालच्या चित्रपटाचे नाव होते ‘शहनाई’. पण त्यातील एका गाण्यात रामचंद्रांनी गिटार, माउथ ऑर्गन आणि सॅक्सोफोन यांचा मेळ घातला!

हे काम एकट्याचे नव्हते. गोव्यातील चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवीत. तेथे तयार झालेले अनेक वादक पोटापाण्यासाठी मुंबईला येत. संगीतकार पेटीवर चाल बांधी आणि हे जाणते वादक प्रत्येक वाद्याने काय वाजवावे, ते कागदावर लिहून काढीत. हळदोणे गावचे ट्रंपेटवादक अँटोनियो झेवियर वाझ हे त्यांतलेच एक. लोक त्यांना ‘चिक चॉकलेट’ म्हणत. १९५१ सालच्या ‘अलबेला’ चित्रपटात त्यांचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो. भगवानदादा पडद्यावर नाचत आणि त्यांच्यासाठी स्वतः रामचंद्र ‘चितळकर’ या नावाने गात.

मात्र चित्रपटसंगीत सर्वांनाच रुचत नव्हते. १९५२ पासून काही वर्षे हिंदी चित्रपटगीते आकाशवाणीवर जवळजवळ ऐकू येईनाशी झाली. १९५७ साली विविधभारती सुरू झाल्यावर ती पुन्हा घरोघरी पोहोचली. रामचंद्रांनी या काळातही आपली वाट सोडली नाही. एकीकडे १९५३ साली त्यांनी ‘अनारकली’साठी भारदस्त चाली बांधल्या, तर दुसरीकडे १९५७ साली ‘आशा’ चित्रपटात ‘ईना मीना डीका’ हे अर्थापेक्षा नादावर नाचणारे गाणे दिले.

त्यांनी आणखी एक धाडस केले. ते निर्माते झाले. संगीतकाराचे काम चाल बांधून संपते. निर्मात्याला पैसा उभा करावा लागतो, माणसे जमवावी लागतात आणि तोटा आला तर तो सोसावा लागतो. ‘झांझर’ व ‘लहरें’ हे १९५३ चे आणि ‘दुनिया गोल है’ हा १९५५ चा, असे तीन हिंदी चित्रपट त्यांनी काढले. पुढे ‘धनंजय’ (१९६६) व ‘घरकुल’ (१९७०) हे मराठी चित्रपट काढले, त्यांना संगीत दिले व त्यांत कामही केले. हे चित्रपट त्यांच्या गाण्यांइतके गाजले नाहीत; पण म्हणून त्यांनी नवे करून पाहण्याचे सोडले नाही.

२७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर मोठा जनसमुदाय जमला होता. आदल्या वर्षी चीनशी झालेल्या युद्धात अनेक जवान धारातीर्थी पडले होते. त्यांच्या स्मरणार्थ कवी प्रदीप यांनी लिहिलेले गीत लता मंगेशकर गाऊ लागल्या. त्या गीताची चाल सी. रामचंद्रांची होती. त्यात ना नाच होता, ना गंमत. साधे, संथ सूर होते. ते ऐकून पंतप्रधान पंडित नेहरूंचे डोळे पाणावले.

५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सी. रामचंद्रांचे निधन झाले. सात समुद्रांपलीकडचे सूर त्यांनी मोकळ्या मनाने घरी आणले. परंतु देश दुःखात असताना कोणता सूर लावावा, हे ते विसरले नाहीत. पाया पक्का असला म्हणजे दारे उघडी ठेवण्याचे भय वाटत नाही, हेच त्यांच्या जीवनावरून दिसून येते.

स्वाध्याय

१. जाझ आणि आपले रागसंगीत यांत कोणते साम्य आहे?
२. संगीतकार व निर्माता यांच्या कामांत काय फरक असतो?
३. ‘हे काम एकट्याचे नव्हते’ असे लेखात का म्हटले आहे?
४. तुमच्या गावातील एखाद्या वादकाला भेटा व तो वाद्य कसे शिकला, हे आठ-दहा ओळींत लिहा.