दुखणे अंगावर काढू नका : शारीरिक सराव आणि दुखापतींची निगा

(तृतीय वर्ष कला)

मैदानावर घाम गाळणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात. पहिला, 'अजून जोर लाव'; आणि दुखापत झाली की दुसरा, 'तेल लावून चोळ, होईल बरे.' हे दोन्ही सल्ले मी मनोभावे पाळले आणि त्यापायी पोलीस भरतीची एक संधी गमावून बसलो. सराव आणि दुखापत यांमागील जी तत्त्वे मला उशिरा उमगली, ती माझ्या विद्यार्थी बंधुभगिनींना वेळेवर समजावीत, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात पहाटे कोणत्याही साखर कारखान्याच्या रस्त्याला जावे, भरतीसाठी धावणारी मुले-मुली दिसतातच. पोलीस शिपाई पदाची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. त्यांतील २० गुण मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावण्यावर मिळतात. जाहिरात निघाली आणि माझे धाबे दणाणले. त्यापूर्वी सहा महिने मी धावलो नव्हतो. दुसऱ्याच दिवसापासून साध्या कॅनव्हासच्या बुटांनी डांबरी रस्त्यावर रोज सहा किलोमीटर धावू लागलो. तिसऱ्या आठवड्यात नडगीची आतली बाजू दुखू लागली. रात्री गरम तेलाने चोळावे आणि पहाटे पुन्हा धावावे, असा क्रम चालू ठेवला. पुढे दुखणे बोटाच्या पेराएवढ्या एकाच जागी येऊन थांबले. झोपेतही ठणकू लागले. डॉक्टरांनी तपासून सांगितले, हाडाला बारीक भेग गेली आहे. चाचणीच्या दिवशी मित्र मैदानावर होते आणि मी काठी टेकत अंगणात.

असे का व्हावे? धावण्याने दम आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात, परंतु हाड सावकाश चालते. नवा भार पडला की शरीर हाडाचा जुना भाग आधी काढून टाकते आणि मग तेथे नवा भरते. या मधल्या काळात हाड थोडे कच्चे असते. अशा वेळी विश्रांती न देता भार वाढवीत गेल्यास ते तडकते. माझा दम वाढला होता म्हणून मला वाटले की पायही तयार झाले. तीच माझी चूक.

यावरून सरावाची मूलतत्त्वे सहज ध्यानात येतील. पहिले तत्त्व क्रमवाढीचे. प्राचीन ग्रीसमधील मायलो नावाचा मल्ल रोज एक वासरू खांद्यावर उचलीत असे आणि वासराचा बैल होईपर्यंत त्याची ताकदही वाढत गेली, अशी आख्यायिका आहे. आपल्या तालमीतील वस्तादही नव्या पोराला पहिल्याच दिवशी पाचशे बैठका मारायला लावीत नाहीत. दुसरे तत्त्व विश्रांतीचे. ताकद सरावाच्या वेळी वाढत नसून सरावानंतरच्या झोपेत व आहारात वाढते. म्हणून कठीण दिवसानंतर हलका दिवस हवा. तिसरे तत्त्व अनुरूपतेचे. कबड्डीपटूने कबड्डीस आणि धावपटूने धावण्यास उपयोगी पडेल असाच व्यायाम मुख्यत्वे करावा. चौथे सातत्याचे. सराव सुटला की कमावलेले काही आठवड्यांत ओसरू लागते. म्हणून जाहिरातीची वाट न पाहता वर्षभर थोडे थोडे धावत राहावे.

आता प्रत्यक्ष दुखापतीविषयी. कबड्डीत घोटा मुरगळणे हे आपल्याकडचे नेहमीचे दुखणे. मुरगळताच आपण चोळतो, शेकतो आणि लंगडत पुन्हा मैदानात उतरतो. वास्तविक आत तंतू फाटून रक्तस्राव झालेला असतो. चोळण्याने व शेकण्याने सूज वाढण्याचा संभव असतो. म्हणून पहिले दोन-तीन दिवस मालिश व शेक टाळावा. खेळ तत्काळ थांबवावा, क्रेप बँडेज बांधावे आणि पाय उशीवर उंच ठेवावा. बोटे बधिर वा निळी पडू लागल्यास बँडेज सैल करावे. बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे ठेवल्यास ठणका कमी होतो. मात्र विश्रांती आणि बर्फ यांचा अतिरेकही नको. हा उपचार १९७८ साली आपल्या पुस्तकाद्वारे लोकप्रिय करणारे अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनीच २०१४ साली आपले मत बदलले. दीर्घ विश्रांती व बर्फ यांमुळे भरून येण्यास उशीर होऊ शकतो, असे त्यांनी मान्य केले. तेव्हा ठणका ओसरू लागताच सोसेल तितकी हालचाल सुरू करावी.

चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाची मागची कड दाबल्यावर दुखत असेल, तर घरगुती उपाय न करता क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. डोक्याला मार लागून गरगरल्यास त्या दिवशी पुन्हा खेळू नये. उन्हात धावताना कोणी बरळू लागला वा कोसळला, तर त्याला सावलीत नेऊन अंगावर भरपूर पाणी ओतावे आणि लगोलग रुग्णालयात हलवावे.

सर्वांत कठीण भाग म्हणजे पुन्हा मैदानात उतरण्याची घाई आवरणे. येथे आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण देतो. श्रीरामपूर येथे १९७८ साली जन्मलेल्या झहीर खान यांनी २०११ च्या विश्वचषकात २१ बळी घेतले. त्याच वर्षी जुलैमध्ये लॉर्ड्स कसोटीच्या पहिल्याच दिवशी १३.३ षटके टाकल्यावर मांडीच्या मागचा स्नायू दुखावला आणि त्यांना मैदान सोडावे लागले. पुढे घोट्यावर शस्त्रक्रियाही झाली. डिसेंबरअखेर मेलबर्न कसोटीत ते परतले आणि पहिल्याच डावात चार बळी घेतले. मध्ये पाच महिने गेले होते! तज्ज्ञांचा ताफा दिमतीला असलेल्या खेळाडूला जर पाच महिने लागतात, तर आपण पाच दिवसांत बरे होण्याचा हट्ट का धरावा?

मांडीच्या या स्नायूसाठी एक बिनखर्ची व्यायाम आहे. गुडघ्यांवर उभे राहावे, जोडीदाराने मागून घोटे धरावेत आणि कंबर न वाकवता अंग जितके सावकाश पुढे नेता येईल तितके न्यावे. हा व्यायाम नियमित करणाऱ्या संघांत या स्नायूच्या दुखापती सुमारे निम्म्याने घटल्याचे अभ्यासांत आढळले आहे. दुखणे थांबले, सांधा पूर्ण फिरू लागला, दोन्ही पायांत सारखी ताकद आली आणि पूर्ण वेगाने धावूनही त्रास झाला नाही, म्हणजे मगच खेळण्यास मोकळे झालो असे समजावे.

यंदा मी पुन्हा धावतो आहे. पहिला महिना मातीच्या मैदानावर चालणे आणि हळू धावणे एवढेच केले. आज किती धावलो आणि कोठे दुखले, हे रोज वहीत लिहितो. पुढची भरती केव्हा निघेल याचा नेम नाही, आणि वयाची अट कोणासाठी थांबत नाही, हे मी जाणतो. परंतु पाय एकच जोडी आहे, हेही आता जाणतो. शेजारी धावणारा मित्र लंगडताना दिसला, तर त्याला 'जोर लाव' म्हणण्याआधी 'कोठे दुखते?' एवढे विचारा. मला त्या वेळी कोणी तेवढे विचारले असते, तर कदाचित हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.