बाजारपेठेचे नवीकरण आणि त्याचा जमाखर्च

जुन्या गावाच्या पेठेत दोन वाहने समोरासमोर आली की रस्ता रुंद करावा, असे प्रत्येकास वाटते. ते वाटणे रास्तच आहे. परंतु पेठ पाडून नवी बांधल्याने गावाचे कल्याण झाले की नाही, हे नव्या इमारतींच्या शोभेवरून ठरत नाही. ते जमाखर्च मांडूनच ठरते.

मुंबईचे उदाहरण घेऊ. १८९६ साली तेथे प्लेगची साथ आली व १८९८ साली कायद्याने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने कोंदट वस्त्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढले. पैसा कर्जरोख्यांनी उभारला; नवे भूखंड भाडेपट्ट्याने देऊन उत्पन्न मिळवावे, अशी योजना होती. हवा, उजेड व रहदारी सुधारली, हे निर्विवाद होय. पण घरे गेलेल्या पुष्कळ गोरगरिबांस नवे भाडे परवडेना. ते शेजारच्या चाळींत दाटीने राहू लागले. एका गल्लीतील गर्दी दुसरीत गेली, एवढेच! आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याच्या राजधानीतही १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर १९१२ साली असेच सुधारणा मंडळ नेमले गेले.

आता हिशेब कसा करावा ते पाहू. समजा, पेठेच्या कामास नगरपालिकेने ५ लक्ष रुपये कर्ज शेकडा ५ व्याजाने काढले. वार्षिक व्याज २५,००० रुपये झाले. नव्या दुकानांपासून २०,००० रुपये कर येऊ लागला. वरवर पाहता तूट अवघी ५,००० रुपयांची दिसते. परंतु त्यांपैकी काही दुकाने जुन्या गल्लीतूनच उठून आली व तिकडील कर ८,००० रुपयांनी घटला, तर खरी वाढ १२,००० रुपयांचीच. म्हणजे तूट १३,००० रुपयांची, आणि मुद्दल फेडणे निराळेच. जागा बदललेला व्यापार हा वाढलेला व्यापार नव्हे, हे नीट ध्यानात ठेवावे.

आणखी एक रकाना वहीत बहुधा कोराच राहतो. पदपथावर भाजी विकणाऱ्या बाईजवळ जागेचा कागद नसतो. तिची बुडालेली मिळकत कोणाच्याच खर्चात दिसत नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने, विक्रेत्यांची पाहणी होऊन त्यांस प्रमाणपत्रे मिळेपर्यंत त्यांना उठवू नये, असे ठरविले आहे. आमच्या मते हा रकाना सर्वांत आधी भरला पाहिजे.

बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे प्रभू येशूने शिकविले. तो अंदाज घेताना केवळ चुन्याविटांचा नव्हे, तर ज्यांची चूल त्या पेठेवर पेटते त्यांचाही हिशेब धरावा, हेच आमचे विद्यार्थ्यांस व पालकांस सांगणे आहे.