खताची खरेदी सुगीतच करावी

पिकास खत केव्हा द्यावे, हे कृषिशास्त्र सांगते. परंतु ते विकत केव्हा घ्यावे, हाही शास्त्रीय अभ्यासाचा विषय आहे. पश्चिम केनियातील बुसिया भागात असा अभ्यास झाला. एस्थर डुफ्लो, मायकेल क्रेमर व जोनाथन रॉबिन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचे निष्कर्ष २००८ व २०११ मध्ये प्रसिद्ध केले.

प्रथम शेतकऱ्यांच्याच शेतांत लहान तुकड्यांवर चाचण्या घेण्यात आल्या. मका गुडघाभर झाल्यावर दर झाडास अर्धा चमचा नत्रयुक्त वरखत देणे किफायतशीर ठरले. सुधारित बियाणे, पेरणीचे खत व वरखत अशी संपूर्ण सरकारी शिफारस मात्र सरासरी शेतकऱ्यास परवडली नाही.

असा लाभ असूनही अनेकजण खत वापरीत नसत. त्यांची इच्छा होती. पण सुगीत हाती आलेला पैसा वरखताची वेळ येईपर्यंत खर्च होऊन जाई. म्हणून सुगी होताच घरी जाऊन नेहमीच्या किमतीस खताची नोंदणी करण्यात आली व ते विनामूल्य पोहोचविण्यात आले. खताचा वापर स्पष्टपणे वाढला. हंगामात पुढे निम्म्या किमतीत खत दिल्याने जेवढा परिणाम होई, जवळजवळ तेवढाच परिणाम या साध्या सोयीने साधला.

यावरून कार्यकर्त्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. शिफारस करण्यापूर्वी तिचा हिशेब शेतकऱ्याच्या शेतावर पडताळून पाहावा. आणि खताचा सल्ला पीक उभे राहण्याची वाट न पाहता, खळ्यावर धान्य असतानाच द्यावा. खताचे प्रमाण मात्र आपल्या मातीच्या परीक्षणावरूनच ठरवावे.